दिवा सगळ्यांना माहितीय, पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सरकारला नमवलं ते चार्ट काढून

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एखाद्या मोठ्या कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर गेलात, तर भिंतीवर अधिक चिन्हाच्या आकाराचं एक कॅलेंडर दिसण्याची बरीच शक्यता आहे. महिन्याचे जितके दिवस, तितकी घरं. दिवस विनाअपघात गेला की सुपरवायझर त्या तारखेचं घर हिरवं करतो. अपघात झाला की लाल. याला म्हणतात सेफ्टी क्रॉस.

महिना संपला की हेच आकडे ऑफिसात एक्सेलच्या तक्त्यात जातात. मीटिंगमध्ये त्यांचा बार चार्ट होतो. लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता बोर्डाचा फोटो पडतो. आकडे तेच असतात, पण बघणारा बदलला की त्यांचं रूप बदलतं. पहिल्या शिफ्टला घाईत मशीनकडे निघालेल्या माणसाच्या हातात तुम्ही एक्सेल शीट देऊ शकत नाही. त्याला चालता चालता लाल घर दिसलं पाहिजे.

आता याच सातपूरमध्ये कामगार विमा योजनेचं रुग्णालयही आहे. तिथं काय किंवा दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयात काय, १२ मे म्हटलं की परिचारिका दिन, आणि परिचारिका दिन म्हटलं की हातात दिवा घेतलेल्या बाईंचा फोटो. त्या फोटोतल्या बाईंचा आणि एकच आकडा चार रूपांत मांडण्याचा संबंध काय, असं वाटेल. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आयुष्यातला मोठा भाग याच कामात गेला. दिवा घेऊन फिरणं झालं जेमतेम दीड-दोन वर्षं. आकडे घेऊन त्या पुढं चाळीस वर्षं सरकारच्या मागं लागल्या होत्या.

तर गोष्ट सुरू होते १२ मे १८२० ला, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात.

आईवडील इंग्लंडचे, गडगंज श्रीमंत. लग्नानंतर युरोपच्या लांबलचक सहलीवर निघालेले. त्या सहलीत पहिली मुलगी नेपल्सला झाली, तर त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून तिचं नाव ठेवलं पार्थेनोपी. दुसरी फ्लॉरेन्सला झाली, म्हणून ती फ्लॉरेन्स. आपल्याकडे नाशिकला जन्मली म्हणून कुणी मुलीचं नाव नाशिका ठेवलं नाही हे बरंच झालं.

वडिलांनी दोघी मुलींना घरीच शिकवलं. ग्रीक, लॅटिन, इतिहास सगळं. फ्लॉरेन्सला मात्र गणित हवं होतं. आईला हे खूळ वाटायचं. श्रीमंताघरच्या मुलीनं पियानो शिकावा, पार्ट्यांना जावं आणि चांगलं स्थळ बघून लग्न करावं, एवढीच अपेक्षा. फ्लॉरेन्स पहाटे घर झोपेत असताना मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे आणि आरोग्याचे सरकारी अहवाल वाचत बसायची. नर्स व्हायचं तिनं बोलून दाखवलं तेव्हा घरात हलकल्लोळ झाला, कारण त्या काळी इंग्लंडमध्ये नर्स म्हणजे दारू पिणारी, दुसरं काही काम न मिळालेली बाई अशीच समजूत होती. घरच्यांशी भांडण्यात वर्षं गेली. १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थ इथं तिला प्रशिक्षण घेता आलं आणि १८५३ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी मिळाली.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरला.

युद्ध काळ्या समुद्राच्या पलीकडे, आणि जखमी सैनिक जहाजानं यायचे ते इस्तंबूलच्या समोर, स्कुटारीच्या बराकीत. तिथल्या हालांच्या बातम्या लंडनच्या पेपरात छापून यायला लागल्या आणि देश खवळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांच्या ओळखीचे. त्यांच्या सांगण्यावरून ३८ जणींना घेऊन नाइटिंगेल ४ नोव्हेंबर १८५४ ला स्कुटारीला पोचल्या.

इथून पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. बाई आल्या, स्वच्छता केली, सैनिक वाचले. प्रत्यक्षात झालं उलटं. त्या पोचल्यानंतरचे तीन महिने मृत्यू वाढतच गेले. बराकीखाली गटारं तुंबलेली, खिडक्या बंद, पाण्यात घाण. जेवण, कपडे, पट्ट्या यांची व्यवस्था नाइटिंगेल यांनी लावली, पण माणसं जमिनीखालच्या गटारानं मरत होती. मार्च १८५५ मध्ये डॉ. जॉन सदरलँड यांच्या हाताखालचं आरोग्य पथक आलं, त्यांनी गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि मृत्यूचा आकडा झपाट्यानं उतरला.

दरम्यान फेब्रुवारी १८५५ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात, रात्री दिवा घेऊन वॉर्डातून फिरणाऱ्या बाईंचं चित्र छापून आलं आणि त्या घराघरांत पोचल्या. (जाता जाता: त्यांच्या हातात होता तो घडीचा तुर्की कंदील. नंतरच्या चित्रांत अल्लाउद्दीनसारखा दिवा दिसतो, तो चित्रकारांच्या डोक्यातला.) एका चित्राची ताकद काय असते, हे नाइटिंगेल यांना बहुधा तेव्हाच नीट कळलं असणार.

युद्ध संपल्यावर ऑगस्ट १८५६ मध्ये त्या मिस स्मिथ अशा खोट्या नावानं प्रवास करत, सत्कार-मिरवणुका चुकवत घरी आल्या. डोक्यात एकच गोष्ट होती. सैनिक कशानं मेले, हे सरकारनं मान्य करायला हवं. नाहीतर पुढच्या युद्धात पुन्हा तेच.

पण सिद्ध करायला नीट आकडे हवेत, आणि आकड्यांचा तर आनंदीआनंद होता. मेलेल्यांच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत, एका वहीचा आकडा दुसरीशी जुळत नव्हता. इथं त्यांना भेटले विल्यम फार. हे पेशानं डॉक्टर, पण देशाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातले आकडेतज्ज्ञ. दोघांनी मिळून महिनावार तक्ते बसवले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, १८५७ मध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं.

त्या तक्त्यातली एकच ओळ बघा. जानेवारी १८५५. सैन्यात सरासरी ३२,३९३ माणसं. त्या एका महिन्यात जखमांनी मेले ८३. इतर कारणांनी ३२४. आणि हगवण, कॉलरा, टायफस अशा टाळता येण्याजोग्या आजारांनी २,७६१.

म्हणजे शत्रूनं एक मारला, तर घाणीनं तेहतीस.

ही ओळ वाचून आपल्याला धक्का बसतो, कारण ती एकटी काढून समोर ठेवलीय. पण ती मूळ तक्त्यात, चोवीस महिन्यांच्या चोवीस ओळी आणि प्रत्येकीत सात-आठ रकाने अशा गर्दीत, अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात असेल तर? कोण बघणार?

फार यांना हा प्रश्नच वाटत नव्हता. त्यांचं मत असं होतं की आकडेवारी रुक्षच असावी, जितकी कोरडी तितकी बरी. नाइटिंगेल यांना ते पटेना. अहवालाचं परिशिष्ट शास्त्रज्ञांशिवाय कुणी उघडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. लोकांच्या कानांवर शब्द आदळून परत जातात, मग तेच डोळ्यांतून आत घालायचं, असा त्यांचा हिशेब.

१८५७ च्या नाताळात त्यांनी सिडनी हर्बर्ट यांना पत्र लिहून बेत कळवला. परिशिष्टातले चार्ट वेगळे काढून, थोडक्यात मजकूर जोडून, एक पातळ पुस्तिका करायची. ती सामान्य लोकांसाठी. आणि मग सामान्य लोक म्हणजे कोण, याची त्यांनी जी यादी दिली ती वाचून हसू येतं. राणी. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट. युरोपातले सगळे राजे. सैन्यातले सगळे कमांडिंग अधिकारी, सगळे लष्करी डॉक्टर. दोन्ही सभागृहांतले आरोग्यवाले खासदार. सगळी वर्तमानपत्रं आणि मासिकं. चित्रं आहेत म्हणून राणी निदान चाळेल तरी, अशी त्यांची अटकळ होती. शिवाय काही प्रती काचेच्या फ्रेममध्ये घालून थेट लष्करी मुख्यालयात आणि युद्धखात्यात भिंतीवर टांगायचा विचार होता. जे अधिकारी या मृत्यूंना जबाबदार होते, त्यांच्याच भिंतीवर!

आता त्या चित्रात होतं काय?

एका मोठ्या, घडी उलगडायच्या कागदावर शेजारी शेजारी दोन फुलं. प्रत्येक फुलाला बारा पाकळ्या, एक पाकळी म्हणजे एक महिना. उजवीकडे एप्रिल १८५४ ते मार्च १८५५, डावीकडे त्यापुढचं वर्ष, आणि दोन्हींना जोडणारी तुटक रेघ. निळा रंग टाळता येण्याजोग्या आजारांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. उजव्या फुलात निळा रंग नुसता उसळलेला, मध्यात लाल-काळ्याचे तुकडे. डाव्या फुलात तोच निळा आक्रसत आक्रसत जातो. गटारं उपसली त्याच्या आधी आणि नंतर. एकही आकडा न वाचता गोष्ट कळते.

हे चित्र नाइटिंगेल यांनीच शोधून काढलं असं सोशल मीडियावर सर्रास फिरतं. ते खरं नाही. फ्रान्समध्ये गेरी यांनी १८२९ मध्येच अशा गोल आकृत्या काढल्या होत्या आणि खुद्द फार यांनीही कॉलराच्या अहवालात गोल आलेख वापरले होते. नाइटिंगेल यांचं श्रेय वेगळंच आहे. हे चित्र कुणाच्या हातात, कुठल्या कागदावर, किती मजकुरासोबत जायला हवं, याचा इतका विचार त्यांच्याआधी क्वचितच कुणी केला असेल.

आणि पहिल्या फेरीत त्या चुकल्याही होत्या. चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण आजही रोज होते.

सुरुवातीच्या आकृतीत त्यांनी मध्यबिंदूपासूनचं अंतर मृत्यूदराच्या प्रमाणात धरलं होतं. वटवाघळाच्या पंखासारखी दिसते ती. पण आपला डोळा लांबी मोजत नाही, रंगवलेली जागा बघतो, आणि अंतर दुप्पट केलं की जागा चौपट होते. जुलै १८५४ मध्ये आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचा दर वर्षाला हजारी १५० होता, जानेवारी १८५५ मध्ये १,०२२.८. म्हणजे जवळपास सातपट. (हजारात हजारापेक्षा जास्त कसे मेले? हा वार्षिक दर आहे. जानेवारीची गत वर्षभर राहिली असती, तर अख्खं सैन्य मरून बदली आलेलेही मरायला लागले असते, असा त्याचा अर्थ.) हे सातपट अंतर म्हणून काढलं, तर डोळ्याला पाकळी सेहेचाळीसपट मोठी दिसणार. विरोधक हेच धरून बसले असते की बाई फुगवून दाखवतायत.

नाइटिंगेल यांनी दुरुस्तीची चिठ्ठी जोडली आणि आकृती नव्यानं काढली. आता मृत्यूदर पाकळीच्या क्षेत्रफळात होता, लांबीत नव्हता. शिवाय कडेला बारीक अक्षरात लिहिलं की प्रत्येक रंगाची पाकळी मध्यबिंदूपासूनच मोजायची, एकावर एक रचलेली समजायची नाही. चित्र थोडं कमी भडक झालं, पण कुणी बोट ठेवू शकणार नाही असं झालं. खरं तर हा निर्णय सोपा नव्हता. ज्या बाईंना लोकांना हादरवायचं होतं, त्यांनी स्वतःहून हादरा कमी केला.

प्रत्येक वेळी फूलच काढायचं असाही त्यांचा हट्ट नव्हता. शांततेच्या काळात, इंग्लंडमध्येच बराकीत राहणारे सैनिक सामान्य माणसापेक्षा जास्त मरतात, हे दाखवायला त्यांनी साध्या आडव्या पट्ट्या वापरल्या. काळी पट्टी सामान्य पुरुषांची, लाल सैनिकांची. २० ते २५ वयात सामान्यांत हजारी ८.४, सैनिकांत १७. निवडून घेतलेले धडधाकट तरुण, आणि मरतात दुप्पट. तुलना फक्त दोनच गोष्टींची असेल तर फुलापेक्षा पट्टी बरी, एवढं साधं गणित.

आणि जिथं चित्र छापायची सोयच नाही तिथं? तिथं त्यांनी वाक्याचंच चित्र केलं. दरवर्षी ११०० सैनिकांना सॉल्सबरीच्या माळावर नेऊन गोळ्या घालाव्यात, तितकाच हा मृत्यूदर गुन्हा आहे, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. हजारी १७, १९, २० हे आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. माळावर ओळीनं उभे केलेले ११०० जण राहतात.

मग या सगळ्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. १८५८ मध्ये जाडजूड खासगी अहवाल, तो फक्त निवडक अधिकाऱ्यांसाठी. त्याच वर्षी चार्टवाली पातळ पुस्तिका. १८५९ मध्ये युद्धातल्या आरोग्याचा स्वतंत्र आढावा. आणि त्याच वर्षी पत्रकार हॅरिएट मार्टिनो यांनी नाइटिंगेल यांच्या माहितीवरून सामान्य वाचकांसाठी, सैनिकांसाठी सोप्या भाषेत पुस्तक लिहिलं, त्यात घडीच्या पानावर तीच आकृती. लष्करानं काय करावं? हे पुस्तक सैनिकांच्या वाचनालयात ठेवायला मनाई केली. जाड अहवालावर बंदी घालावी असं कुणाला वाटलं नव्हतं. सैनिकाला कळेल असं पुस्तक आल्यावर मात्र वाटलं.

१८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना सदस्य करून घेतलं. तिथं निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. नर्सिंगवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक पुढं १८६१ मध्ये कष्टकरी कुटुंबांसाठी स्वस्त आणि छोट्या आवृत्तीत निघालं, तेही याच सवयीतून.

आता येऊ आपल्याकडे.

१८५७ चा उठाव झाला, कंपनी सरकार गेलं, राणीचं सरकार आलं आणि भारतात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढली. नाशिकजवळ देवळालीला छावणी उभी राहिली ती याच सुमाराची, १८६१ ची. मुंबईला जहाजातून उतरलेले सैनिक इथं आणून ठेवायचे. आणि भारतात येणारा गोरा सैनिक लढाईत मरण्याआधी आजारानंच मरायचा.

१८५९ मध्ये भारतातल्या सैन्याच्या आरोग्यासाठी आणखी एक रॉयल कमिशन बसलं. नाइटिंगेल तोवर कायमच्या आजारी पडल्या होत्या. वर्षानुवर्षं लंडनमध्ये पलंगावरूनच काम. भारतात त्या कधीच आल्या नाहीत. पण त्यांनी छापील प्रश्नावल्या तयार करून देशभरातल्या लष्करी ठाण्यांना पाठवल्या. पाणी कुठून येतं, गटार कुठं जातं, बराकीत किती माणसं झोपतात, किती मरतात. उत्तरांचे गठ्ठे लंडनला त्यांच्या घरी येऊन पडले.

१८६३ मध्ये कमिशनचा अहवाल आला, दोन जाड खंड, दोन हजारांहून जास्त पानं. मुख्य आकडा असा की भारतातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्यूदर हजारी ६९. नाइटिंगेल यांनी त्याचं भाषांतर केलं: दर वीस महिन्यांनी प्रत्येक रेजिमेंटमधली एक अख्खी कंपनी संपते. लष्करातल्या माणसाला टक्के कळोत न कळोत, कंपनी संपणं म्हणजे काय ते बरोबर कळतं.

प्रश्नावल्यांच्या उत्तरांवर त्यांनी स्वतःची निरीक्षणंही लिहिली आणि त्यात चार्टऐवजी चित्रं घातली. मशक घेतलेला भिस्ती, उघडं गटार, पाणी भरायच्या जागा. लंडनमधल्या खासदारानं ना मशक पाहिलेली ना भारतातलं गटार, त्याला आकृती काढून काय कळणार? चित्रं काढली त्यांच्या मावसबहिणीनं, हिलरी बोनहॅम कार्टर यांनी. सरकारी तिजोरी चित्रांच्या खर्चाला कुरकुर करायला लागली, तेव्हा पैसे बाईंनीच भरले.

आणि इथंच घोळ झाला. दोन हजार पानं कोण वाचणार म्हणून एक सुटसुटीत आवृत्ती निघाली. कल्पना चांगलीच होती. पण जिनं छाटायचं काम केलं त्या यंत्रणेनं नाइटिंगेल यांची निरीक्षणंच काढून टाकली. म्हणजे खासदारांच्या हातात जे पडलं त्यात गटार नाही, भिस्ती नाही, चित्रं नाहीत. मजकूर आखूड करताना नेमकं तेच गेलं जे लोकांनी वाचलं असतं. सोशल मीडियासाठी बातमीचं कार्ड बनवणाऱ्या कुणालाही हे दुखणं ओळखीचं वाटेल.

नाइटिंगेल गप्प बसल्या नाहीत. आपली निरीक्षणं त्यांनी वेगळी छापून घेतली, लाल कव्हरची छोटीशी पुस्तिका, आणि ओळखीच्या प्रत्येक वजनदार माणसाला धाडली. भारतातल्या अधिकाऱ्यांसाठी निरीक्षणांसकट नवी संक्षिप्त आवृत्ती करून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एडिंबरोच्या सामाजिक परिषदेत त्यांचा निबंध वाचला गेला, विषय: भारतात माणसं मरण्याऐवजी जगू कशी शकतील. एका वर्षात एकाच माहितीचे चार अवतार.

दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यांनी हिशेब मांडला तेव्हा गोऱ्या सैनिकांचा मृत्यूदर हजारी ६९ वरून १८ वर आला होता. याचं सगळं श्रेय त्यांना देता येणार नाही. नव्या बराकी, पाण्याच्या सोयी, बदललेलं वैद्यक असं बरंच काही त्यात होतं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर यांच्यासारखी माणसं हे काम पुढं रेटत होती. पण मोजायचं कसं आणि कुणाला दाखवायचं, हे ठरवणाऱ्या बाई लंडनच्या पलंगावर होत्या.

मग एक गोष्ट त्यांना खटकायला लागली. ६९ चे १८ झाले ते छावणीत. छावणीच्या बाहेर जी कोट्यवधी माणसं होती त्यांचं काय? कॉलरा काही छावणीचं कुंपण बघून थांबत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानं तर त्या पुरत्या हलल्या. त्यानंतर त्यांचं लिखाण सैनिकाकडून शेतकऱ्याकडे वळलं. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांबद्दल त्या वाचायला, लिहायला लागल्या. मुंबई इलाख्यात न्यायाधीश राहिलेले विल्यम वेडरबर्न, समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि पुण्याची सार्वजनिक सभा, या सगळ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू झाला. मुंबई इलाख्यात १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, तेव्हा त्यांचा आक्षेप सरळ होता. कायदा करून उपयोग नाही, गावाकडून जी पट्टी घेता तिच्यातले पैसे आधी गावाच्या पाण्याला आणि सफाईला द्या. १८९२ मध्ये त्यांनी तसं निवेदन लंडनच्या भारतमंत्र्यांनाही दिलं. सरकारनं कौतुक केलं आणि पैसे दिले नाहीत.

पण या टप्प्यावर त्यांच्यासमोरचा वाचकच बदलला होता. राणीला फूल दाखवता येतं, खासदाराला लाल पुस्तिका देता येते. ज्या गावात वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, तिथं काय देणार? त्यांनी सुचवलेला उपाय होता मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडानं पडद्यावर टाकणारं यंत्र. गावोगाव व्याख्याते पाठवायचे, गावकऱ्यांना मानानं बोलावून बसवायचं, आणि घाण पाण्यात, कोंडलेल्या हवेत काय काय असतं ते पडद्यावर मोठं करून दाखवायचं. १८९३-९४ मध्ये त्यांनी हे लेखांतून आणि बुडापेस्टच्या आरोग्य परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधातून मांडलं. आकडा एकही नाही, फक्त चित्र, आणि समोर बोलणारा माणूस.

योगायोग असा की त्याच सुमाराला आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांची मुलं शांबरिक खरोलिका नावानं याच मॅजिक लँटर्नचे खेळ गावोगाव करत होती. विषय रामायण-महाभारताचे, आणि लोक तिकीट काढून येत. म्हणजे पडद्यावरचं चित्र बघायला महाराष्ट्रातली माणसं तयार होती. ती गटारावरचं चित्र बघायला बसली असती का, हा भाग वेगळा.

नाइटिंगेल यांची नजर पुढं गेली. आयुष्यभर डोळ्यांतून लोकांपर्यंत पोचायचा खटाटोप केलेल्या बाईंना शेवटची काही वर्षं दिसतच नव्हतं. त्याआधी, ३० जुलै १८९० ला, क्रिमियातल्या वृद्ध सैनिकांच्या मदतनिधीसाठी त्यांनी फोनोग्राफवर आवाज रेकॉर्ड करून दिला. तो आजही ऐकायला मिळतो, खरखरीत, जेमतेम काही सेकंदांचा. १९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं, तेव्हाही हा मान मिळणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. पण तोवर आपल्याला काय मिळालंय हे कळण्याच्या पलीकडे त्या गेल्या होत्या.

१३ ऑगस्ट १९१० ला लंडनमध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजामहाराजांच्या शेजारी दफन करायची तयारी होती, नातेवाइकांनी त्यांच्या इच्छेप्रमाणं नकार दिला. ईस्ट वेलो नावाच्या गावात, घरच्यांच्या थडग्यांत त्यांना ठेवलं. दगडावर नावही पूर्ण नाही. एफ. एन. एवढी दोन अक्षरं, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख.